नंदीच्या पोटातली बॅटरी

मी आयुष्यात धक्के काही कमी खाल्ले नाहीत. भरल्या लॉरीचा ब्रेक उतारावर गेला, तेव्हा स्टिअरिंगवर मी होतो. सागाचा ओंडका साखळी तोडून गडगडत आला, तेव्हा त्याच्या वाटेत मीच उभा होतो. पण पोळ्याच्या एका सकाळी स्वतःच्याच अंगणात जे पाहिलं, त्यापुढे ते सगळे धक्के किरकोळ होते. अंगणाच्या मधोमध आमच्या पोरीचा लाकडी नंदी उभा होता. अंगावरून पाणी निथळतंय, खांद्याला हळद आणि तूप चोपडलेलं, शिंगांना बेगड, कपाळाला कुंकू, आणि शेपटीखालून धूर निघतोय! शेजारी माझी थोरली बहीण रिकामी बादली घेऊन उभी. तिच्या चेहऱ्यावर काशी करून आल्याचं समाधान होतं.

"अरे बाप रे," एवढंच मी म्हणालो. नंतर पुष्कळ बोललो, पण ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. चिमूरच्या रस्त्यावरच्या एका गावात मी लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी चालवत होतो. लॉरी मिल्ट्रीनं मोडीत काढलेली. तिचा ड्रायव्हर मी, क्लीनर मी आणि मिस्त्रीही मीच. जंगलातून ओंडके आणायचे, गावाबाहेरच्या आरा गिरणीवर उतरवायचे, आणि कापलेल्या फळ्या चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, पोचवायच्या. घरात आम्ही चौघं. मी, बायको, आमची एकुलती एक मुलगी, आणि माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणतात, मीही तिला बाईच म्हणायचो. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या सासरी मोठी धानाची शेती, बैलांच्या जोड्याच जोड्या. उभं आयुष्य तिनं पोळ्याला बैलांचे पाय धुतले होते. आणि आता आली कुणाकडे? तर लॉरीवाल्याकडे, ज्याच्या दारात खुंटादेखील नाही.

पोरगी तेव्हा सातेक वर्षांची असेल. चार वर्षांची होईपर्यंत ती अंगणात रांगती-चालती झाली होती, धावायलाही लागली होती, आणि मग एका पावसाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला तेव्हा तिचा उजवा पाय मेला होता. चांद्याच्या डॉक्टरनं पाय वर उचलून सोडला, तो बदकन खाली पडला. डॉक्टर म्हणाला, याला आता औषध नाही, चालवत राहा. चालवत राहा म्हणे! पोर एक पाऊल टाकायची आणि पडायची, पडली की मला बघवायचं नाही. मी तिला उचलून घ्यायचो. विहिरीवर जायचं तर माझ्या खांद्यावर, बाजाराला जायचं तर लॉरीत माझ्या शेजारी. बाई कुरकुरायची, "अगा, तिले जरा खाली तर ठेव." मी उलट तिच्यावरच खेकसायचो.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पहिल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान, दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा. पोरं आपापले नंदी सजवून, दोरीनं ओढत तोरणाखाली रांगेत आणतात. आमच्या गावचं तोरण जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, दारात बांधलं जायचं. पूजा झाली, की पोरं नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि लोक त्यांच्या हातावर काही ना काही ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. पोरांना त्या बोजाऱ्याची जी घाई असते, ती दिवाळीचीही नसते.

पाय गेल्यापासून दोन पोळे आमच्या पोरीनं मालगुजारांच्या ओट्यावर बसून काढले. मीच तिला तिथं नेऊन बसवायचो. बसलीच आहे तर पोरं आपल्या छत्र्या आणि घोंगडी तिच्यापाशी टाकून पळायची. "हे पाह्यजो वं," म्हणायची आणि पळायची. दुसऱ्या वर्षी मी तिला आणायला गेलो, तेव्हा ती त्या ओल्या ढिगामध्ये गप्प बसली होती आणि बाकी सगळी गल्लीत बोंबलत फिरत होती. खांद्यावर घेतल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "बाबा, पुढच्या साली मी छत्र्या नाई सांभाळन."

बस. माझ्या डोक्यात तेच घुमत राहिलं.

गिरणीवरच्या सुताराला मी गळ घातली. त्यानं सागाचा एक पोकळ नंदी बनवून दिला, पोरीला पाठीवर ऐसपैस बसता येईल एवढा मोठा. पोटाला झाकण, पायांखाली चार चाकं, आणि शिंगं फिरवली की पुढची चाकं वळायची. पोटात मी एका मोडक्या मोटरसायकलचा डायनामो बसवला. डायनामो फिरवला की वीज होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यालाच बॅटरीची वीज दिली, की तो आपणहून फिरायला लागतो. सायकलची साखळी लावून ते फिरणं मी मागच्या चाकांना दिलं. मुद्दाम अगदी सावकाश ठेवलं, पोर पडायला नको म्हणून. वशिंडाच्या मागे एक खटका. खटका दाबला की बैल निघाला, परत दाबला की थांबला. गिरणीच्या आवारात पोरगी त्यावर बसून पहिल्यांदा निघाली, तेव्हा आऱ्यावरचे मजूर काम टाकून बघत राहिले.

पण पहिली बॅटरी जुनी होती, ती उन्हाळ्यात मेली. चार्जिंगच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. पोळा तोंडावर आला तरी नंदी खोलीत तसाच उभा होता, आणि पोरगी रोज एकच विचारायची, "बाबा, बैल कधी उठन?" शेवटी मी फळ्या घेऊन चांद्याला गेलो, तेव्हा बॅटऱ्यांचं काम करणाऱ्या चाचाकडे धरणं धरून बसलो. चाचा म्हणाला, "भाऊ, बैलासाठी बॅटरी मी जिंदगीत पहिल्यांदाच देऊन राह्यलो." पण दिली, चांगली दिली.

नवी बॅटरी पोटात बसवली, तिला लाकडी पट्ट्यांनी घट्ट आवळलं. चार्जिंगच्या दोन नव्या वायरी ओढल्या आणि त्यांची टोकं शेपटीखालच्या भोकातून बाहेर काढली. कुठून तरी काढायचीच होती, आणि तिथे ती दिसणार नाहीत असं मला वाटलं. बाईला मात्र ती पहिल्या नजरेतच दिसली.

"हे कुठी घातलं रे तू? देवाचं जनावर हाये ते!"

"बाई, त्यातून वीज जाते आत."

"इजेले जायला दुसरी जागा नाई भेटली?"

मी लक्ष दिलं नाही. गिरणीच्या इंजिनावर एक डायनामो होता, ठेकेदार मुक्कामाला आला की त्याच्या रेडिओची बॅटरी त्यावर चार्ज व्हायची. नंदीला लॉरीत घालून तिथे नेलं आणि त्याच वायरींनी दिवसभर चार्ज केलं. संध्याकाळी घरी आणून अंगणात उभा केला. चार्ज झालेल्या बॅटरीतून वाफ निघत असते, म्हणून तिची बुचं सैल ठेवली आणि पोटाचं झाकणही जरा किलकिलं ठेवलं. सकाळी येऊन सगळं बंद करायचं, असा माझा बेत. सकाळी उठून मी गिरणीवर लॉरी धुवायला गेलो. बैलवाले बैल धुतात, आम्ही लॉरी धुतो. लॉरीच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि आनंदात घरी आलो. पुढचं दृश्य वर सांगितलंच आहे.

"हे काय केलं तू?" मी किंचाळलो. शेजारपाजारचे कुडावरून डोकावले.

"काय म्हंजे? पोळा हाये. घरच्या बैलाले आंघोळ नाई घालाची?" बाई अगदी थंड. "काल जेवाचं आवतन देल्लं होतं मी त्याले. आज गरम पाण्यानं धुतलं, खांदे शेकले. शेपटीखाली तुह्या त्या वायरी लोंबून राह्यल्या होत्या, थ्या आत सारल्या. मंग आतून धूर निघाला. मले वाटलं याले नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि आनखी दोन बादल्या पाणी टाकलं."

मी वाकून शेपटीखाली पाहिलं. वायरींची उघडी टोकं हिनं आत ढकलली, ती एकमेकींना चिकटली, आणि भरलेली बॅटरी त्यांतून भडाभडा रिकामी झाली. वायरींवरचं रबर जळून गेलं होतं. झाकण उघडलं तर आत पाणीच पाणी. हळदीचं पिवळं पाणी बुचांतून बॅटरीत शिरलं होतं, आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, बाहेर आलं होतं, आणि सागाचं लाकूड काळं पडत चाललं होतं. हे सगळं एका सकाळीत! मी घराबाहेर किती वेळ होतो? लॉरी धुवायला लागतो तेवढाच.

मग माझं लक्ष बाईच्या हातांकडे गेलं. त्याच पाण्यात तिनं हात घातले होते, पदरानं नंदीचं पोट पुसलं होतं. "हात दाखव," मी ओरडलो. "हात दाखव आधी!" तिची बोटं लाल झाली होती आणि ती खाजवत होती. मी तिला ओढत मोरीवर नेलं, पाणी ओतलं, बायकोकडून खायचा सोडा मागवला आणि चोळला. बायको आत पुरण घोटत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती सोड्याची पुडी घेऊन आली आणि नंदीकडे बघून तिच्या हातातली पळीच गळाली.

हात वाचले, देवाची कृपा. पण हात वाचले म्हटल्यावर माझा राग पुन्हा उसळला. मी काय काय बोललो! तुला अक्कल नाही, तुझ्या सासरचे बैल तुझ्या डोक्यातून जात नाहीत, हे जनावर नाही, हे यंत्र आहे, यंत्र! बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यंत्र असल तर त्याले शिंगं काऊन लावले? वशिंड काऊन केलं? तू बैल केला, मी बैल मानला. पोळ्याच्या दिवशी बैलाले ना जू असते, ना पाठीवर ओझं. आन् तू त्याले रातभर पोटात लोखंड घालून उभा केला."

तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"बाबा, बैल मेला?"

पोरगी केव्हाची उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. उद्या तान्हा पोळा, आणि ती मनातल्या मनात पुन्हा त्या ओल्या छत्र्यांमध्ये जाऊन बसली आहे, हे मला तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

"मेला-बिला काही नाही," मी म्हणालो. "उद्या तोरणाखाली हा बैल चालला नाही, तर मी लॉरी चालवणं सोडून देईन."

बोलून तर बसलो. पण आता बॅटरी आणायची कुठून? पोळ्याला चांद्याची दुकानं बंद, आणि गेलो तरी जाऊन-येऊन दिवस बुडणार. गिरणीचं इंजिन बंद, म्हणजे चार्जिंगही बंद. पण एक भरलेली बॅटरी गावात होती. सकाळीच मी तिला हळदकुंकू लावून आलो होतो. ठेकेदार चांद्याला राहायचा, पोळ्याचे दोन दिवस लॉरी हलणार नव्हती, आणि तिची किल्ली माझ्या कमरेला होती. मी कुणाला विचारायला गेलो नाही. लॉरीचं बॉनेट उघडलं, बॅटरी काढली आणि डोक्यावर घेऊन घरी आलो. त्याची मला आजही काही लाज वाटत नाही.

गाव बैल घेऊन तोरणाकडे निघालं होतं, वाजंत्री वाजत होती, आणि मी पडवीत नंदीच्या पोटात अर्धा शिरून बसलो होतो. आधी मेलेली बॅटरी काढली. सोड्याच्या पाण्यानं पोट धुतलं, तेव्हा ते फसफसलं. मग शेगडीत निखारे घालून ती खाली सरकवली आणि लाकूड वाळू दिलं. लॉरीची बॅटरी मोठी, पोटात मावेना. आतली एक फळी कापली, तेव्हा कशीबशी बसली. जळक्या वायरी काढून फेकल्या, लॉरीच्या मागच्या दिव्याच्या वायरी काढून आणल्या आणि खटक्यापर्यंत नव्यानं ओढल्या. पोरगी शेजारी बसून पकड दे, पाना दे, असं सगळं देत होती. मध्येच ती बाईला विचारायची, "आत्या, खरंच पोळ्याले बैलावर कोणीच नाई बसत?" बाई म्हणायची, "कोणी नाई माय. सालभर तो आपलं ओढते. एवढा एक सन त्याचा." माझं लक्ष वायरींत होतं. मी त्या बोलण्याकडे कान दिला नाही.

राहिला प्रश्न चार्जिंगच्या वायरींचा. आज चार्जिंग होणार नव्हतंच, पण पुढे लागणारच होतं, आणि जुनं भोक मोकळंच होतं. मी वायर तिकडे नेली तशी बाई आडवी आली.

"तिथून नाई."

"मग कुठून, माझ्या डोक्यातून?"

"तोंडातून दे. जेवन तोंडातूनच देतेत."

मी तोंड उघडलं ते तिला झापायला, आणि उघडंच राहिलं. कारण तिचं म्हणणं बरोबर होतं, विजेच्या हिशेबानंसुद्धा. तोंड रुंद होतं. आत दोन बाजूंना दोन पितळी स्क्रू बसवले, एकाला लाल वायर, दुसऱ्याला काळी. आता कुणी कितीही आत सारलं तरी टोकाला टोक लागणार नव्हतं. मी काम संपवलं. बाईनं नंदीच्या जबड्यातून हात फिरवून खात्री केली आणि म्हणाली, "हं. आता जेवन."

तान्ह्या पोळ्याला दुपारी पाऊस उघडला. रस्ताभर चिखल, दारोदारी पळसाच्या डहाळ्या. बाईनं आदल्या दिवशीचंच आपलं सणाचं लुगडं धुऊन वाळवून पुन्हा नेसलं होतं, तिच्याकडे चांगलं असं ते एकच. आम्ही नंदी मालगुजारांच्या दारापर्यंत ढकलत नेला आणि रांगेच्या शेवटी उभा केला. पोरगी माझ्या खांद्यावर. गावातली पोरं आपले वीतभर, हातभर नंदी सोडून आमच्या नंदीभोवती जमा झाली. एकानं विचारलं, "काका, हा शेणपण टाकते काय?" बाईनं त्याला टपली मारली.

झडती, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाली, हरहर महादेव झालं, रांग हलली. मी पोरीला उचलून नंदीच्या पाठीवर ठेवायला गेलो, तर तिनं दोन्ही हातांनी माझी मान आवळली.

"नाई."

"नाई म्हणजे? बस लवकर, रांग चालली."

"पोळा हाये त्याचा. आज त्याच्यावर नाई बसत."

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. अहो, वर्षभर जीव काढला मी त्या लाकडासाठी! कालचा आख्खा दिवस त्याच्या पोटात घातला! "अगं, तो बसायलाच केला आहे," मी म्हणालो. आवाज चढला असणार, कारण लोक वळून बघायला लागले. ती ऐकेना. खाली ठेव म्हणाली. मी ठेवली, आता रडेल आणि मान टाकेल अशा हिशेबानं. तिनं वशिंडाला हात घातला, एका पायावर उभी राहिली आणि म्हणाली, "तो चालन. मी त्याच्या संगं चालन."

आणि तिनं खटका दाबला.

बैल निघाला. मी ठेवला होता तसा, अगदी सावकाश. वशिंड हातानं घट्ट धरलेलं, त्यामुळे तीही निघाली. चांगला पाय पुढे, मग मेलेला पाय चिखलात फरफटत मागून, परत चांगला पाय. तोंड लालबुंद झालेलं. वाजंत्रीवाल्यांचं वाजवणं विस्कटलं. सगळ्या गावानं माझी पोरगी कायम माझ्या खांद्यावर पाहिली होती. खरं सांगतो, तिची उंची किती आहे हे मलाच त्या दिवशी कळलं. मी दोन्ही हात पुढे करून तिच्या मागे मागे चाललो होतो.

तोरण अगदी हाताशी आलं आणि तिचा हात सुटला. वशिंडाला बाईनं चोपडलेलं तूप अजून होतंच, त्यावरून निसटलाच. पोरगी चिखलात तोंडावर पडली. आणि बैल? बैलाला काय, खटका चालू! तो आपला तसाच पुढे, तिला सोडून.

मी झेपावलो. पण माझ्या आधी रांगेतून बाई पुढे घुसली. मला वाटलं पोरीला उचलते. तिनं पोरीकडे बघितलंही नाही. ती थेट बैलाच्या पुढ्यात गेली, दोन्ही शिंगं धरली आणि पाय रोवून उभी राहिली, खऱ्या बैलाला अडवावं तशी. चाकं चिखलात फिरत होती, चिखल उडत होता, पोटातून घर्रघर्र आवाज येत होता, आणि बाई शिंगं सोडत नव्हती. ताणानं तिचं लुगडं टरकलं. कालचं तेजाब त्यात मुरलेलं होतं, धुतल्यावर वरून दिसलं नव्हतं. आता गुडघ्यापासून कमरेपर्यंत चाळणीसारखी भोकं पडत गेली, आणि पदराचा एक तुकडा तर हातभर लोंबायला लागला. साऱ्या गावासमोर! बाया "अवं बाई, अवं बाई" करायला लागल्या. माझी बहीण चारचौघांत डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई होती. तिनं लुगड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाई, खटका! खटका दाब मागचा!" मी ओरडलो आणि पोरीला उचलायला वाकलो.

"तू गप," बाई माझ्यावर गरजली. "हात लावशीन तिले तर पाह्य! उठ माय तू. मी धरलं याले. उठ सावकाश, हा नाई जात कुठी."

मी वाकलेला तसाच राहिलो. आयुष्यात मला कुणी असं जागच्या जागी थांबवलं नव्हतं. पोरीनं हात टेकले, ढुंगण वर केलं, घसरली, परत हात टेकले. कुणी मदतीला आलं नाही, कारण बाईच्या डोळ्यांकडे बघून कुणाची छाती झाली नाही. पोरगी रांगत नंदीच्या मागच्या पायापर्यंत गेली, पाय धरून उभी राहिली, हात वर सरकवत वशिंडापर्यंत आली आणि तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. तोंडावर चिखल, नुसते डोळे दिसत होते.

"धरलं आत्या. सोड."

बाईनं शिंगं सोडली आणि ती बाजूला झाली. बैल आणि पोरगी तोरणाखालून गेले. मालगुजारांच्या म्हाताऱ्या मालकिणीनं आधी नंदीला ओवाळलं, मग पोरीला, आणि मग आपल्या अंगावरची शाल काढून बाईच्या कमरेभोवती गुंडाळली. बाई तेव्हा कुठे लाजली. मी ओट्याच्या खांबाला टेकून उभा होतो. हसावं की रडावं ते समजत नव्हतं. दोन्ही होत होतं.

त्या दिवशी ती बोजाऱ्यालाही तशीच गेली, घरोघर, पडत, उठत. बॅटरी संपेपर्यंत फिरली. मी पूर्ण वेळ मागे होतो, पण हात मागे बांधून. बाईचा हुकूमच तसा होता. आणि चालता चालता माझ्या डोक्यात एकच गोष्ट टोचत होती, की हा बैल मी तिला चालावं लागू नये म्हणून केला होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीचं इंजिन सुरू झालं. लॉरीची बॅटरी मी तिथेच चार्ज करून परत लॉरीत बसवली. पुढच्या खेपेला चांद्याच्या चाचानं मेलेली बॅटरी उघडून आतलं पिवळं पाणी पाहिलं आणि कपाळावर हात मारला, पण प्लेटी वाचवून तिला पुन्हा उभी करून दिली. ती मी नंदीत घातली, तोंडातून वायरी देऊन दिवसभर 'जेवू' घातलं. संध्याकाळी गिरणीच्या आवारात पोरीला विचारलं, आता पोळा झाला ना, आता तर बसशील? ती हो म्हणाली. मी तिला उचलून पाठीवर बसवलं. तिनं खटका दाबला. बैल निघाला, मी बनवला होता तसा, सावकाश, एका लयीत. मी समाधानानं विडी पेटवली.

ओंडक्यांच्या थप्पीपर्यंत जाऊन ती थांबली. मान वळवून तिनं मला हाक मारली.

"बाबा!"

"काय गं?"

"बसलं की लय हळू चालते हा. उतरव मले."

मी विडी टाकली, गेलो आणि तिला खाली उतरवलं.